पाहुण्यांनी आमच्याकडे काय खावे?

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष (कला)

द्वितीय वर्षाला ज्यांनी भूगोल घेतला आहे त्यांना ठाऊकच आहे की, पर्यटन भूगोलाच्या सरांनी यंदा पहिल्या सत्रात वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटाला एकेक शहर वाटून दिले होते. काम तसे सोपे होते. त्या शहरात फिरायला आलेल्या परक्या माणसाने तेथले कोणते पारंपरिक पदार्थ खावेत याची दोन पानी यादी करावयाची, आणि ते का खावेत हे सांगावयाचे. शेजारच्या बाकावरच्या गटाला व्हिएतनाममधले हनोई आले. आमची चिठ्ठी उघडली तर पिंपरी-चिंचवड! आम्ही पाचहीजण मनातून खूश झालो. तळवड्याची मी, चिखलीची एक मैत्रीण, निगडीचे दोघे आणि चाकणहून रोज बसला लोंबकळत येणारा एक. हनोई नकाशात शोधण्यातच त्या बिचाऱ्यांचा पहिला तास जाईल आणि आमची यादी तोवर लिहून होईल, असा आमचा हिशेब होता.

झाले उलटेच. हनोईवाल्यांची यादी दुसऱ्या दिवशी तयार. सकाळी न्याहारीला ‘फो’, म्हणजे चक्रफूल-दालचिनी घालून तासन् तास उकळलेल्या हाडांच्या कढणात तांदळाच्या चपट्या शेवया. दुपारी ‘बुन चा’, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले डुकराचे मांस, शेवया आणि पसाभर हिरवा पाला. फिरता फिरता ‘बान्ह मी’, म्हणजे फ्रेंचांनी आणलेला लांबट पाव आणि त्यात भरलेले देशी सारण. नववर्षाच्या ‘तेत’ सणाला पानात बांधून शिजवलेला चिकट भाताचा चौकोनी ‘बान्ह चुंग’. आणि वर अंड्याची कॉफी. ही कॉफी १९४६ साली हनोईत दुधाची टंचाई होती तेव्हा दुधाऐवजी अंड्याचा पिवळा बलक फेटून एकाने करून पाहिली, आणि आज ती परंपरा म्हणून मिरवते आहे! त्यांच्या गटात एकच वाद झाला. फोचे कढण बहुतेक गोमांसाचे असते; ते तसे लिहावे की नाही यावर त्यांनी अर्धा तास घालवला आणि शेवटी नुसते ‘मांसाचे कढण’ असे लिहून मोकळे झाले. या गोष्टीकडे मी पुढे परत येणार आहे.

आमच्या वहीत मात्र तीन दिवस चारच शब्द होते. वडापाव, मिसळ, बाकरवडी, मस्तानी. चाकणवाला म्हणाला, “यातलं आपलं काय? वडापाव मुंबईचा, बाकीचं पुण्याचं.” त्याचे खरे होते. वडापावची गाडी १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर लागली असे सांगतात. चितळ्यांची बाकरवडी, कयानीची श्रूजबेरी बिस्किटे आणि मस्तानी खायला आम्ही स्वतःच वर्षातून एकदा पुण्याला जातो, तेही कुणी पाहुणे आले तर. निगडीवाला म्हणाला, “मग लिहून टाकू की इथे कारखाने आहेत, पदार्थ नाहीत.” आम्ही हसलो. पण घरी जाताना मला ते हसू नीटसे पचले नाही.

त्या दिवशी सकाळी मी काय खाऊन आले होते? बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी. चिखलीच्या मैत्रिणीच्या डब्यात काय होते? ज्वारीची भाकरी आणि खरडा. पाच जणांपैकी एकालाही हे यादीत लिहावे असे वाटले नाही. हनोईतली मुले सकाळी जे खातात तेच त्यांच्या यादीत पहिले होते, आणि आम्ही जे खातो ते आमच्या यादीत शेवटचेही नव्हते. का?

माझ्यापुरते याचे उत्तर मला माहीत आहे, आणि ते लिहायला थोडी लाज वाटते. आमचे मूळ गाव आंबेगाव तालुक्यात. वडील आधी एकटेच तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशिनवर कामाला लागले, आणि मी पाचवीत असताना आम्ही सगळे इकडे आलो. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. प्रथम वर्षाला मी कॅन्टीनमध्ये डबा उघडत नसे. ग्रंथालयामागच्या जिन्यात बसून खात असे. भाकरी गार झाली की तिच्या कडा वाळतात, तुकडा मोडताना आवाज होतो. तो आवाज कुणी ऐकेल अशी मला भीती वाटे. ज्या मुलींच्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी असे त्या मला फार थोर वाटत. नंतर कळले की त्यांतल्या दोघी घरी भाकरीच खातात, पोळी फक्त डब्यासाठी होते. असो. सांगावयाचे इतकेच की पाहुण्याला काय दाखवावे आणि काय झाकावे हे आपण फार लहानपणी शिकतो, आणि यादी करायला बसलो की तेच शिक्षण आपला हात धरून लिहवून घेते.

आता कुणी म्हणेल की हा काळ गेला. भाकरीला हल्ली मान आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, सरकारने ज्वारी-बाजरीला ‘श्री अन्न’ म्हटले, आणि चाकण-नाशिक रस्त्याला, देहू-आळंदी परिसरात ‘अस्सल गावरान’, ‘चुलीवरचे’ असे फलक लावलेली हॉटेले जागोजागी झाली आहेत. मग पाहुण्यांना तिकडे पाठवा की! आमच्या गटातही हीच सूचना आली, आणि मी तिला कडाडून विरोध केला. त्याचे कारण आज या पानांवर सांगते, कारण गटात मला ते बोलता आले नव्हते.

गावी आमच्याकडे चूल होती. पावसाळ्यात लाकूड ओले असले की फुंकणी घेऊन आई अर्धा अर्धा तास बसे. तळवड्याला खोली घेतली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी गॅस पेटवून पाहिला, बंद केला, पुन्हा पेटवला. चूल सुटली याचा तिला जितका आनंद झाला तितका दागिना मिळूनही झाला नसता. पुढे २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, वर्कशॉप बंद पडले, आम्ही काही महिने गावी जाऊन राहिलो. परत आलो तेव्हा घराला दुसरा पगार लागणार हे उघड होते. आईला काम मिळाले ते एका गावरान हॉटेलात, भाकऱ्या थापण्याचे, आणि तेही गॅसवर नव्हे. पाहुण्यांना दिसेल अशा जागी, कौलारू पडवीखाली, मातीच्या चुलीवर. मालकाने सांगितले की नऊवारी नेसायची आणि डोक्यावरून पदर घ्यायचा. माझी आई घरी गाऊन घालते. नऊवारी तिने लग्नानंतर क्वचितच नेसली असेल. ती आता रविवारी सकाळी शेजारच्या मावशींकडून नऊवारी नेसवून घेते आणि टमटमने कामाला जाते. शहरातली माणसे तिच्याशेजारी बसून भाकरी थापतानाचे फोटो काढतात. भाकरी मोडली की हसतात, आणि मोडलेली ती तव्यावर कशीबशी निस्तरते. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी येत असते. जी चूल तिने सुटली म्हणून देवाला नारळ वाढवला होता, ती पाहुण्यांच्या हौसेखातर पुन्हा तिच्या पुढ्यात आली.

म्हणून मी गटात म्हटले की हे हॉटेल यादीत घालायचे नाही. मला वाटले मी फार मोठा विचार मांडते आहे. घरी येऊन आईलाही ते ऐकवले. ती भांडी घासत होती. म्हणाली, “गावाला वीस वर्षं थापल्या. तिथं कोण फोटो काढत होतं, नि कोण पैसं देत होतं?” मग म्हणाली, “धूर वंगाळच. पण महिना भरला की हातात पैका येतो तो माझा असतो. तू लिहायचं ते लिही, पर हाटेल बंद पडंल असं नको लिहू.” माझा सगळा विचार तिथेच विरजला. तेव्हापासून मी तक्रार थोडी नीट मांडायला शिकले आहे. आईला पगार मिळतो याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार याबद्दल आहे की पाहुण्याला भाकरीची चव हवी असते की बाईच्या डोळ्यातला धूर हवा असतो, हे कुणी विचारतच नाही. भाकरी चांगली होते ती चुलीमुळे नव्हे. पीठ ताजे दळलेले हवे; जुन्या पिठाची विरी जाते आणि मग कितीही लाकडे जाळा, भाकरी थापताना चिरते. पाणी पुरेसे कढत हवे. मळणे काथवटीत तळव्याने रगडून हवे. वरच्या अंगाला पाणी फिरवायचे ते सुकायच्या आत उलटायला हवे, तरच पापुद्रा सुटतो. यातले एकही काम गॅसवर अडत नाही. आमच्या घरच्या भाकऱ्या गॅसवरच फुगतात, आणि हॉटेलातल्यापेक्षा चांगल्या होतात, असे आई स्वतः सांगते.

हनोईच्या गटातल्या मुलीने मला एक गोष्ट सांगितली ती मला या बाबतीत फार बोलकी वाटली. २०१६ च्या मे महिन्यात अमेरिकेचे त्या वेळचे अध्यक्ष ओबामा हनोईच्या एका साध्या दुकानात प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसून बुन चा खाऊन गेले. पुढे दुकानदाराने ते टेबल, ती भांडी, सगळे काचेच्या पेटीत बंद करून ठेवले. पण मौज अशी की दुकान चालूच आहे. पेटीच्या शेजारी बाकीची टेबले आहेत आणि त्यांवर लोक जेवत आहेत. अध्यक्षांसाठी कुणी खास झोपडी उभारली नव्हती, वाढणाऱ्या बाईला जुन्या काळचा पोशाख चढवला नव्हता. हनोईची यादी सोपी होण्याचे कारण मला येथे सापडले. त्यांचे रोजचे खाणे रस्त्यावर मिळते, गावचा माणूस आणि परका माणूस एकाच स्टुलावर बसतो. आपले रोजचे खाणे घराच्या आत असते, बाहेर मिळते ते दुसऱ्याचे. आणि घरातले बाहेर काढायचे म्हटले की आपल्याला त्याचे नाटकच करता येते.

‘पारंपरिक’ या शब्दाबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण आमच्या गटाचे निम्मे भांडण त्यावरून झाले. पारंपरिक म्हणजे किती जुने? फो हा पदार्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीस उत्तर व्हिएतनामात रूपाला आला. १९५४ साली त्या देशाचे दोन तुकडे झाले, उत्तरेकडची लाखो माणसे दक्षिणेत गेली आणि जाताना फो घेऊन गेली. सायगावच्या लोकांनी त्यात मोड आलेले मूग, तुळशीसारखा पाला, थोडी गोडी घातली, आणि आज दोन्ही गावचे लोक आपलाच फो खरा म्हणून भांडतात. त्याच १९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या कंपनीची स्थापना झाली. त्याच्या आधीच, फाळणीनंतर, पिंपरीच्या कॅम्पात सिंधी निर्वासित येऊन राहिले होते. आज कॅम्पात सकाळी दाल-पकवान मिळते. कुरकुरीत तळलेला पकवान, वर घट्ट हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा. पाऊणशे वर्षे झाली. आमच्या तळवड्याच्या पालिकेतल्या वयापेक्षा किती तरी जास्त! पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० ची, महानगरपालिका १९८२ ची, आणि आमचे तळवडे तिच्यात आले १९९७ साली. मग दाल-पकवान हा पिंपरीचा पारंपरिक पदार्थ का नव्हे? माझ्या मते आहे, आणि आमच्या सुधारलेल्या यादीत तो पहिला आहे. निगडीवाल्याने त्याला विरोध केला. दुसऱ्या दिवशी तो न सांगता कॅम्पात जाऊन खाऊन आला आणि गप्प बसला.

फराळाच्या ताटाचेही तेच. देहू आणि आळंदी यांच्या मधोमध आमचे गाव. आषाढीला, कार्तिकीला, तुकाराम बीजेला आमच्या रस्त्याने माणसांची रीघ लागते. एकादशीला जागोजागी साबुदाण्याची खिचडी वाटतात. त्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, चारही मुळात अमेरिका खंडातले. यातले काहीही पोर्तुगीज येण्याआधी आपल्याकडे नव्हते. तरी उपासाला यापेक्षा सोवळे काही नाही!

भाताची गोष्ट तर मला सर्वांत आवडली. मावळातला इंद्रायणी तांदूळ आपण सगळे मोठ्या अभिमानाने पाहुण्यांना देतो. मऊ, सुवासिक, थोडा चिकट. मला वाटे हा तांदूळ तुकोबांच्या वेळेपासूनचा असणार, नावच इंद्रायणी. प्रत्यक्षात तो वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार केला आणि १९८७ साली शेतकऱ्यांना दिला. माझ्या मामापेक्षा लहान आहे तो! आणि हे आयआर-८ म्हणजे १९६६ साली फिलिपाइन्समधल्या संशोधन संस्थेतून निघालेले वाण. ते दक्षिण व्हिएतनामातही गेले. तेथे एका पिकात एवढे पैसे आले की शेतकरी होंडा मोटारसायकल घेऊ लागले, म्हणून लोक त्याला ‘होंडा भात’ म्हणत. (आपल्याकडे त्या काळी आकुर्डीच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, असे वडील सांगतात.) तेव्हा हनोईवाल्या गटाच्या आणि आमच्या यादीत कुठे तरी एक सोयरीक निघाली. इंद्रायणी मी यादीत ठेवला. सोबत साल लिहिले.

आता खरे आपले म्हणावे असे काय आहे? माझ्या आजीकडे विचारा. आंबेगाव, जुन्नर, खेड या पट्ट्यात मासवडी करतात. नाव मासवडी, मासा औषधालाही नाही. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर भाजलेले सुके खोबरे, तीळ, खसखस, लसूण, कांदा, कोथिंबीर यांचे सारण पसरायचे, फडक्यानेच वळकटी करून तिला माशाचा आकार द्यायचा, आणि गार झाली की वड्या पाडायच्या. सोबत तिखटजाळ रस्सा आणि बाजरीची भाकरी. दुपार मोडते या कामात, म्हणून ती जावई आला तर होते, नाही तर नाही. दुसरे म्हणजे हुलग्याचे शेंगोळे. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरची-जिरे घालून त्याच्या बोटभर वळ्या करून फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. पावसाची झड लागली, भाजी आणायला कुणी जायला तयार नसले, की शेंगोळे. हा गरिबीचा पदार्थ आहे आणि आजीला तो पाहुण्यासमोर ठेवणे आजही कमीपणाचे वाटते. मी यादीत लिहिला म्हणून ती माझ्यावर रागावली. “लोकं म्हणतील, ह्यांच्यात भाजीला पैसं नव्हतं.” “नव्हतेच ना आजी,” मी म्हटले. त्यावर ती काही बोलली नाही, पण मीठ किती घालायचे ते मात्र तिने मला नीट सांगितले.

कुणाच्या घरचे यादीत येते आणि कुणाच्या घरचे राहते, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. घरोघरी असलेली ‘रुचिरा’ १९७० साली आली. कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलेल्या त्या पुस्तकाने किती तरी सुनांना हात दिला. आमच्या घरी कुठलेच पाककृतीचे पुस्तक नव्हते, कारण वाचणारेच कुणी नव्हते. मराठीच्या मॅडमनी मला ग्रंथालयातून शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ काढून दिले. ते २०१५ साली प्रसिद्ध झाले आणि २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवादही आला. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजत होते, जनावराच्या अंगातला कुठला भाग कसा खाल्ला जाई आणि का खावा लागे, हे त्यात सरळ लिहिले आहे. ते वाचून मला हनोईवाल्यांचा तो अर्धा तास आठवला. हजार मैलांवरच्या लोकांचे कढण कशाचे हे लिहायला जर आपला हात थरथरतो, तर आपल्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला काय शिजते ते आपल्या यादीत कसे येणार? खरे सांगते, आमच्याही यादीत ते आलेले नाही. मी विषय काढला तेव्हा गटात सगळे खाली बघू लागले, आणि मीही तो पुढे रेटला नाही. ही यादी अपुरी आहे हे निदान या पानांवर लिहून ठेवते.

आमच्या खोल्यांची रांग हीच खरी तळवड्याची खाऊगल्ली. दहा खोल्या, दहा जिल्हे. पलीकडच्या लातूरच्या काकू वेळ अमावस्येला गावी जाता आले नाही की येथेच भज्जी आणि आंबील करतात. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे, मिळतील तेवढे दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली ती भज्जी, मातीच्या घटात ठेवलेली ताकाची आंबील. शेत नाही तर गॅलरीतल्या कुंडीची पूजा करतात. जळगावच्या वहिनी थंडीत वांगी भाजून भरीत करतात आणि कळण्याची भाकरी. शेवटच्या खोलीतली बिहारची भाभी रविवारी लिट्टी-चोखा करते. सातूचे सारण भरलेले गोळे निखाऱ्यावर भाजून. तिची आणि आईची भाषा एक नाही, पण वांगे भाजायला दोघी एकाच शेगडीवर येतात. तळवड्याच्या सॉफ्टवेअर पार्कात कामाला येणारे कुणी परके पाहुणे दुपारी काचेच्या इमारतीतून उतरून या रांगेत आले असते, तर त्यांना शंभर मैलांच्या फेऱ्यात मिळणार नाही एवढे दोनशे पावलांत मिळाले असते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. पाहुण्यांना झोपडी दाखवू नका, खाणावळ दाखवा. आमच्या चौकात दुपारी कारखान्यातली पोरे जेवतात त्या खाणावळी बाया चालवतात. गॅसची शेगडी, पत्र्याचे टेबल, स्टीलचे ताट. भाकरी, पिठले किंवा उसळ, भात, कांदा. परका माणूस तेथे बसला तर त्याला पंख्याखाली घाम येईल, पण तो आमच्याबरोबर जेवेल. खाणावळवाल्या मावशींना नऊवारी नेसावी लागणार नाही. आणि ज्यांच्या हातची मासवडी खायची त्यांना तिची किंमत, म्हणजे त्यांच्या दुपारची किंमत, मोजून द्यावी. घरचे आहे म्हणून फुकट, आणि चुलीवरचे आहे म्हणून महाग, हे दोन्ही मला पटत नाही.

यादी दिली. सरांनी शेरा मारला, “दुकानांची नावे व वेळा नाहीत. पर्यटकाला कसे सापडणार?” हनोईवाल्यांना आमच्यापेक्षा चार गुण जास्त. मग आम्ही वेळा लिहिल्या. दाल-पकवान, सकाळी, पिंपरी कॅम्प. पिठले-भाकरी, दुपारी एकच्या आत, नंतर संपते. भज्जी, मार्गशीर्षातली अमावस्या, वर्षातून एक दिवस. शेंगोळे, पाऊस असेल तर. मासवडी, दोन दिवस आधी सांगावे.

सरांनी वाचले आणि म्हणाले की त्यांच्या घरी मुंबईचे पाहुणे येणार आहेत, पुढच्या रविवारी मासवडी होईल का, आणि शक्य तर आमच्याकडेच. मी घरी येऊन आईला सांगितले. त्या रविवारी तिला हॉटेलातून सुट्टी घ्यावी लागणार. ती म्हणाली, “किती माणसं? नि बाजरी का ज्वारी ते इचार. बाजरी असंल तर शनवारी दळून आणाया लागंल.” मग थोडा वेळ हिशेब करत बसली.

“पैसं सांगितलंस का त्येस्नी?”

मी सांगितले नव्हते. उद्या भूगोलाचा तास आहे, उद्या सांगणार आहे.